बावडा ते बारामती, इंजिनाशिवाय

काश्मीरला जाऊन आलेले लोक शिकाऱ्यांबद्दल लिहितात, रामेश्वरला जाऊन आलेले समुद्राबद्दल. मी बावड्याहून बारामतीला जाऊन आलो. एस.टी.ने निघालं तर हा प्रवास अर्ध्या दिवसात उरकतो. मला सहा दिवस लागले, कारण मी स्वतःच्या मालकीच्या बसने गेलो. वाटेत हिमशिखरं लागली नाहीत. बैलांचे पार्श्वभाग मात्र मी इतक्या निरनिराळ्या प्रकाशात पाहिले आहेत, की कुणी बोलावलं तर त्यावर व्याख्यान देऊ शकेन.

मी दंतवैद्य आहे. पुण्यात एका नामांकित दंतवैद्यांच्या हाताखाली सात वर्षं काढली. ते दात काढत आणि मी पेशंटचं डोकं धरत असे. सातव्या वर्षी माझ्या लक्षात आलं, की आमच्याकडचे निम्मे पेशंट खेड्यांतून येतात आणि येतात तेव्हा वेळ पार निघून गेलेली असते. मग दवाखानाच खेड्यात का नेऊ नये? एक मोटार घ्यायची, तिच्यात खुर्ची, कपाट, पायाने चालवायचं दात कोरायचं यंत्र आणि पाण्याची टाकी बसवायची, आणि बाजाराच्या दिवशी गावोगाव जायचं. कल्पना मला इतकी सुंदर वाटली की त्याच संध्याकाळी मी नोकरीचा राजीनामा दिला. मोटार अजून घ्यायची आहे, हे दुसऱ्या दिवशी आठवलं.

कमल, म्हणजे माझी बायको, सगळं ऐकून म्हणाली, "राजीनामा दिलात ते बरं केलंत. पण मोटार तुम्ही घ्यायची नाही. मी घेईन."

ह्यावर मी वाद घातला नाही. तिच्या वडिलांच्या सातारा भागात दोन सर्व्हिस मोटारी होत्या. एस.टी. सुरू होईपर्यंत त्या चालल्या. शाळेतून आल्यावर दप्तर फेकून ही मुलगी मोटारीखाली शिरायची. लग्न ठरताना आम्हाला 'मुलीला पेटी येते' असं सांगितलं होतं. ती गिअरची पेटी होती, हे पुढे कळलं.

बावडा

इंदापूर तालुक्यातल्या बावड्याजवळ एक निवासी शाळा आहे. तिची जुनी बस विकायची आहे असं कुणाकडून तरी कळलं, म्हणून पौष महिन्यात आम्ही तिथे पोचलो. पूर्वी ही बस आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून मुलं गोळा करून आणायची. आता शाळेच्या फाटकाशीच एस.टी. थांबू लागली होती.

शाळेचे चिटणीस आम्हाला न्यायला आले. त्यांना सगळा गाव आबा म्हणत असे. आम्हीही म्हणू लागलो. पांढरं स्वच्छ धोतर, डोक्याला फेटा, आणि बोलण्यात असा आत्मविश्वास की आपणच काहीतरी विकायला आलो आहोत असं समोरच्याला वाटावं.

"गाडी एकदम टकाटक हाय बगा," ते वाटेत म्हणाले. "फकस्त चालत न्हाय."

बस एका लिंबाखाली उभी होती. टपावर शेळी होती आणि आत छतापर्यंत कडबा भरलेला. कडबा काढल्यावर बाकं दिसली. त्यांच्यावर मुलांनी कर्कटकाने आपापली नावं कोरली होती, आणि जिथे नावं संपली तिथे मास्तरांची चित्रं होती. पुढे ड्रायव्हरच्या जागेजवळ मात्र धूळ नव्हती. कुणीतरी रोज तेवढी जागा पुसत असणार.

तो माणूस रंगराव. पन्नाशीचा, उंच, अंगात खाकी कोट. बस चालू होती तोवर ते तिचे ड्रायव्हर होते. बस बंद पडल्यावर शाळेने त्यांना घंटा वाजवायचं काम दिलं होतं. ते आमच्यापासून चार हात लांब उभे राहिले, घरातली वस्तू विकताना घरातला माणूस राहतो तसे.

"इंजिनाला काय झालंय?" कमलने त्यांना विचारलं.

"उभी ऱ्हाऊन जाम झालंय." ते जमिनीकडे बघत म्हणाले. "घासलेट ओतून ठिवलं तर सुटंल बी."

कमलने पदर खोचला, हँडल मागून घेतलं आणि पुढे लावून जोर केला. हँडल हललं नाही. ती त्याच्यावर अक्षरशः लोंबकळली तरी हललं नाही. आबांनी इकडे तिकडे पाहिलं. मोटारीच्या हँडलला लोंबकळणारी बाई बघावी की बघू नये, हे त्यांना ठरवता येत नव्हतं. मग तिने एक प्लग खोलला, नाकाशी नेला आणि वास घेतला.

"किती दिवस उभी आहे?"

"दोन वर्सं."

"आणि त्याआधी?"

"त्याआधी चालत व्हती," रंगराव म्हणाले.

कमलने त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग हात पुसत मला बाजूला घेऊन म्हणाली, "सांगाडा उत्तम आहे. गिअर, चाकं, स्प्रिंगांचे पाटे, सगळं शाबूत आहे. इंजिन मेलंय. ते नाहीच असं समजून भाव करायचा."

भाव तिनेच केला. मी नुसती मान हलवत होतो आणि दोन वेळा ती चुकीच्या दिशेने हलवली. तरी सौदा जमला. दुपारी आबांच्या घरी जेवण होतं. घरातल्या बायका मागाहून जेवणार होत्या, पण कमलचं ताट आबांच्या पत्नीने आबांच्या शेजारी मांडलं. "मोटार त्येंनी घेतलीया," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "मग त्यास्नी का मागनं वाढायचं?" आबांनी ह्यावर भाकरीचा मोठा तुकडा तोंडात घातला. नदीची मरळ होती, वाटलेल्या मसाल्यातली, आणि तिच्या तिखटाने माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. सौदा झाल्याच्या आनंदाने मी रडतो आहे असं आबांना वाटलं. त्यांनी माझ्या पाठीवर थोपटलं.

नवीन इंजिन बसवायचं तर बारामतीला हसनभाई उस्तादांकडे जा, असं सगळ्यांचं एकमत पडलं. प्रश्न बारामतीला जायचा होता. ओढून न्यायला ट्रक मिळेना. उसाचे दिवस होते आणि ट्रक तर सोडाच, त्या भागातली हातगाडीसुद्धा उसाच्या कामाला लागली होती. तेव्हा आबा म्हणाले, "बैलं लावा की. सहा बैलं बास झाली."

मी हसलो. हसणारा मी एकटाच होतो.

इंदापूरकडे

दुसऱ्या दिवशी सकाळी तीन बैलजोड्या आल्या. मागच्या चाकांतल्या दोन ट्यूबा फाटलेल्या होत्या. कमलने त्या काढून टाकल्या आणि टायरात कडबा ठासून भरायला लावला. बैलांनी त्या टायरांकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी विसरणार नाही. आपलं खाणं आपल्यालाच ओढायला लावणार, असा त्यांचा समज झाला असावा.

स्टिअरिंग धरायला माणूस हवा होता. रंगरावांनी कुणी विचारायच्या आत कोटाची बटणं लावली आणि आपल्या जागेवर जाऊन बसले. आबा म्हणाले, "आन् घंटा?"

"घंटा कुनीबी वाजवंल," रंगराव म्हणाले. "हिला वळवायला माजाच हात लागतोय."

जोड्यांचा म्होरक्या म्हादू नावाचा काळासावळा, बोलका गडी होता. त्याने माझ्याकडे उटीचं काम दिलं. 'उटी' म्हणजे चाकाखाली सारायचा दगड. चढावर बैल थांबले की बस मागे येऊ नये म्हणून कुणीतरी दगड घेऊन मागच्या चाकाबरोबर चालावं लागतं. बसमध्ये कमल बसली होती, रंगराव बसले होते, आमचं सामान बसलं होतं, आणि बसचा अर्धा मालक एक दगड उराशी धरून धुळीतून मागे पळत होता. समोरून येणारे लोक थांबून विचारत, "मिस्त्री का वं?" म्हादू पुढून ओरडे, "न्हाय, डाक्तर हायेत. दाताचं." मग ते आणखीच थांबत.

सपाटीवर सगळं छान चाललं. दोन्ही बाजूंना शाळू हिरवागार उभा होता, हवा गार होती, आणि बस अजिबात आवाज न करता जात होती. मला तर वाटू लागलं की इंजिन हवंय कशाला? अडचण आली ती एका ओढ्याच्या उतारावर. बसला आपण बस असल्याचं तिथे आठवलं. ती हळूहळू वेग घेऊ लागली. बैलांच्या साखळ्या सैल पडल्या. मागून आपल्या अंगावर घर चालून येतंय हे कळल्यावर बैलांनीही पळायला सुरुवात केली.

"ब्रेक!" मी ओरडलो.

"लावलाय!" रंगराव आतून ओरडले. "तुमी उटी लावा!"

मी दगड लावला. बसने तो चिरडला, आणि दगडापाठोपाठ माझी चप्पल. रंगराव खिडकीतून अर्धे बाहेर आले. "म्हादू, साखळी सोड! बैलं उजवीकडं घे!" म्हादूने पळता पळता खुंटी उपसली, बैल उजवीकडे फाकले, आणि रंगरावांनी स्टिअरिंग डावीकडे ओढून बस रस्त्याकडेच्या नांगरलेल्या रानात घातली. ढेकळांत ती दहा-बारा हात गेली, वाकली, आणि थांबली.

मी धापा टाकत पोचलो तेव्हा कमल दारात उभी होती. केसांत कडबा, कपाळाला टेंगूळ. "फार छान वळवलीत," ती रंगरावांना म्हणाली. माझ्याकडे बघून म्हणाली, "चप्पल कुठाय?"

रान ज्याचं होतं तो शेतकरी आला. आता भांडण होणार म्हणून मी पुण्यातली सगळी सभ्य वाक्यं गोळा केली. त्याने बसभोवती एक चक्कर मारली, टायरातला कडबा उपसून बघितला आणि म्हणाला, "चारा चांगला भरलाय." मग स्वतःची जोडी आणून बस बाहेर काढून दिली, आणि मला त्याची एक जुनी वहाण दिली. एकच. दुसरी माझ्या पायात होती, असा त्याचा साधा हिशेब.

इंदापूर

तिसऱ्या दिवशी इंदापुरात शिरलो. एका हॉटेलासमोर बैल सोडले आणि चहा मागवला. पुण्यात रस्त्यात माणूस पडला तर लोक वळसा घालून जातात. इंदापुरात बस बैलांनी ओढत आणली तर अर्धा गाव कामं टाकून सल्ला द्यायला येतो.

"पेट्रोल परवडंना व्हय?"

"इंजिन झ्याक हाय, पर श्याण लई टाकतंय."

थट्टा संपल्यावर मात्र ते गंभीर झाले, आणि ते जास्त भयंकर होतं. प्रत्येकाकडे एक इंजिन होतं. एकाच्या विहिरीवरचं पंपाचं इंजिन बसमध्ये बसेल, फक्त बस ताशी चार मैलांनी जाईल. दुसऱ्याच्या मेव्हण्याकडे पिठाच्या गिरणीचं होतं. "गाडीबी चालंल आन् गावोगाव दळानबी घ्या," तो म्हणाला. दात काढून परत जाणाऱ्या माणसाला दोन पायल्या दळून देणं, ही कल्पना मला वाईट वाटली नाही. एका म्हाताऱ्या तात्यांनी लढाईतल्या दिवसांत कोळशाच्या धुरावर चालणाऱ्या मोटारी पाहिल्या होत्या. त्यांचं म्हणणं, तेच खरं इंजिन, बाकी सगळी फॅशन. कमल प्रत्येकाला दोन दोन प्रश्न विचारत होती. दुरुस्तीला कुणाला बोलावता? तेल कुठून आणता? मला वाटलं, ती वेळ घालवते आहे.

रंगराव ह्या सगळ्यात नव्हते. ते वेशीपाशी रस्त्याकडेला एकटेच उभे होते आणि जमिनीकडे बघत होते. मी चहा घेऊन गेलो, तेव्हा म्हणाले, "हितंच थांबली व्हती ती." "कधी?" मी विचारलं. त्यांनी चहा एका घोटात संपवला आणि बैलांना पाणी दाखवायला निघून गेले.

कळस

इंदापूरहून आम्ही कळसची वाट धरली. म्हादूच्या मते त्या बाजूला उतार कमी होते, आणि उतार ह्या विषयावर आता आमच्यात मतभेद नव्हते. कळसला चौथ्या दिवशी मुक्काम झाला. पाचव्या दिवशी सकाळी बैल जुंपत असताना एक बैलगाडी आली. ज्ञानू नावाचा शेतकरी गाडी हाकत होता आणि मागे घोंगडीवर त्याची बायको सारजा बसली होती. झोपता येत नव्हतं म्हणून बसलेली. दाताचा डॉक्टर बैलांच्या बसमधून चाललाय, ही बातमी आमच्या आधी गावात पोचली होती.

तिचा उजवा गाल हनुवटीच्या खालपर्यंत सुजून लाल झाला होता. तोंड बोटभरही उघडत नव्हतं, अंगात ताप होता आणि थुंकी गिळताना ती ज्ञानूचा हात घट्ट धरत होती. मी सूज दाबून पाहिली. ही सूज गळ्यात उतरली तर श्वास कोंडतो. अशी केस आमच्या दवाखान्यात आली की आम्ही टांगा बोलावून मोठ्या इस्पितळात पाठवत असू. मी स्वतः अशी एकही हाताळली नव्हती.

"हिला ताबडतोब बारामतीला न्यायला हवं," मी म्हणालो.

ज्ञानूने आमच्या बसकडे पाहिलं. म्हादूने बसकडे पाहिलं. एस.टी. पहाटेच गेली होती. बैलगाडीने पोचायला संध्याकाळ झाली असती, आणि तेवढा वेळ तिच्याकडे आहे असं मला वाटत नव्हतं.

रंगराव ड्रायव्हरच्या जागेवर बसले होते. त्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले होते. "गाडी हाय," ते म्हणाले, "आन् जाता येत न्हाय." मग उतरले आणि शाळवाच्या कडेने लांब चालत गेले. त्यांचे खांदे हलत होते, असं कमलने मला नंतर सांगितलं.

मग कमल म्हणाली, "तुम्हाला काय काय लागेल ते सांगा."

"मी हे कधी केलेलं नाही, कमल."

"पाणी उकळायला ठेवलंय," ती म्हणाली. "अजून?"

मागच्या बाकावर, खिडकीच्या उजेडात सारजाला बसवलं. माझी हत्यारांची आणि औषधांची पेटी सामानात होतीच; हत्यारं चहाच्या पातेल्यात उकळली. कमलने बसचा बाजूचा आरसा काढला आणि ऊन तिच्या तोंडात पाडलं. ज्ञानूने मागून डोकं धरलं. माझी सात वर्षांची जागा आज त्याच्याकडे होती. सुई घालायला जागा सापडायला वेळ लागला. आरशातून ऊन सारखं माझ्याच डोळ्यांत येत होतं. हिरडीला चीर दिली तेव्हा आधी काहीच झालं नाही. त्या दोन क्षणांत मी राजीनामा दिल्याबद्दल स्वतःला जितक्या शिव्या दिल्या, तितक्या कुणी दिल्या नसतील. मग पू आला. खूप आला. किडकी दाढ सुटून चिमट्यात आली आणि सारजाने दोन दिवसांत पहिल्यांदा नीट श्वास घेतला. मी बसच्या पायरीवर जाऊन बसलो.

पेनिसिलीनचं इंजेक्शन देऊन आम्ही तो दिवस तिथेच थांबलो. ज्ञानूच्या रानात शाळवाचा हुरडा झाला होता. गोवऱ्यांच्या आरावर कणसं भाजून, तळव्यावर चोळून, लसणाच्या चटणीबरोबर त्याने आम्हाला इतका हुरडा घातला की मला वाटलं, आता बैलांबरोबर मलाही सपाटीवरच चालावं लागणार. सहाव्या दिवशी सकाळी सारजाचा ताप उतरला होता. सूज निम्म्यावर आली होती. तोंड जेमतेम उघडून ती पहिलं वाक्य बोलली, ते नवऱ्याला उद्देशून होतं. "बैलास्नी पानी पाजलं का न्हाय?" ज्ञानू धावतच गेला. असा आनंदाने शिव्या खायला पळणारा नवरा मी दुसरा पाहिलेला नाही.

बारामती

त्याच दिवशी ऊन कलताना आम्ही बारामतीत शिरलो. नीरेच्या कालव्याच्या कृपेने तिकडे उसाचे फड अंगावर येतील इतके दाट आहेत आणि लोकांना बैलांनी ओढलेल्या कुठल्याच वस्तूचं नवल नाही. इंदापूरच्या मानाने आमचा तिथे अपमानच झाला. कुणी मान वर करून पाहिलं नाही.

हसनभाई उस्ताद म्हणजे साठीचे, किडकिडीत, कानावर विडी ठेवलेले गृहस्थ. त्यांनी दुसऱ्या दिवशी आम्हाला दोन इंजिनं दाखवली.

पहिलं पेट्रोलचं. लष्कराच्या लिलावात काढलेल्या ट्रकमधलं, उस्तादांनी उघडून पुन्हा बांधलेलं आणि वर हिरवा रंग दिलेलं. चालू केलं तर त्याच्यावर ठेवलेल्या बशीतला चहा हलला नाही. मी तिथल्या तिथे त्याच्या प्रेमात पडलो. असं इंजिन असलं तर पेशंट येताना शांत मनाने येईल.

दुसरं डिझेलचं. तेही ट्रकचंच, पण तीन वर्षं माळेगावच्या एका गुऱ्हाळावर उसाचा चरक फिरवत होतं. माळेगावात साखर कारखाना उभा राहत होता, तेव्हा मालकाने गुऱ्हाळ मोडलं आणि इंजिन इथे आणून टाकलं. त्याच्यावर काकवीचे काळे ओघळ वाळले होते आणि त्यावर मुंग्या. चालू केल्यावर समोरच्या घराची कौलं वाजली.

कमलने एक लाकडी दांडा घेतला, त्याचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावून दोन्ही इंजिनं ऐकली. मग डिझेलकडे बोट दाखवलं.

"अगं, पण आवाज?" मी म्हणालो. "दात राहू दे, माणसाचे कान पडतील!"

"दात काढताना इंजिन बंदच असणार. इंदापुरात ऐकलंत ना? विहिरीवर पंप आहे तिथे डिझेल आहे, आणि ते उघडणारा माणूसही आहे. पेट्रोलच्या इंजिनाला कळसमध्ये कोण हात लावणार? तुम्ही?"

"त्याला मुंग्या लागल्यात, कमल!"

आमचा वाद रंगला. पुण्यात तो घरात दार लावून झाला असता. इथे उस्तादांनी आम्हाला दोन खोकी दिली आणि बसून भांडा म्हणाले. तोवर ते आमच्या बसचं जुनं इंजिन उघडत होते. इंजिनाचं डोकं उचलून त्यांनी आत पाहिलं. "हिकडं या," त्यांनी हाक मारली.

दट्टे, म्हणजे पिस्टन, नळ्यांच्या भिंतींना चिकटले होते. ॲल्युमिनियम वितळून पसरलं होतं, आटलेल्या मेणासारखं.

"हे उभं ऱ्हाऊन झालेलं न्हाय," उस्ताद म्हणाले. "पान्याबिगर पळवलंय. पाच-सात मैल. चालवणाऱ्याला कळत असणार. वास येतो, आवाज येतो, गरमीचा काटा वर जातो. कळून-सवरून मारलंय कुणीतरी."

कमलने वाकून एका दट्ट्यावरून बोट फिरवलं. प्लगच्या वासावरून तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, हे मला तिच्या चेहऱ्यावरून तेव्हा कळलं. रंगराव दारात उभे होते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

"मीच मारलं," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. दोन वर्षांपूर्वी, उन्हाळ्याची सुट्टी. शाळेच्या खोल्यांत एका मास्तरांची बायको अडली होती. बाळ आडवं आलेलं. सुईणीने हात टेकले. सुट्टीत बस काढायची नाही, असा आबांचा हुकूम होता. रंगरावांनी भर दुपारी बस काढली आणि इंदापूरच्या दवाखान्याकडे निघाले. निम्म्या वाटेत रेडिएटरची नळी फुटली. होतं नव्हतं ते पाणी ओतलं, ते वाफ होऊन गेलं. ओढे कोरडे होते.

"काटा पार टोकाला गेला," रंगराव म्हणाले. "थांबलो असतो तर इंजिन वाचलं असतं. मागनं ती बाई वरडत व्हती. मग वरडायची थांबली. तवा मी काट्याकडं बगायचंच सोडलं. इंदापूरची येस आली आन् गाडी तितंच बसली. तितनं खाटेवर नेली तिला."

"आणि मग?" कमलने विचारलं.

"दोगी बी जगल्या. पोरगी हाय. चालतीया आता."

"मग आबांना खरं का नाही सांगितलंत? त्यांनी काही फाशी दिलं नसतं."

रंगरावांनी टोपी हातात फिरवली. "मला काय केलं असतं ते असू द्या. पर त्या पोरीला जलमभर ऐकाय लागलं असतं, हिच्यापायी शाळंची मोटार ग्येली म्हनून. मास्तर गरीब मानूस. आबा परगावी व्हतं, तवर ट्रकामागं बांधून गाडी लिंबाखाली आनून उबी केली. म्या सांगितलं, आपोआप जाम झाली. तुमाला बी तेच सांगितलं. ते मातर चुकलं."

उस्तादांनी कानावरची विडी काढली, पण पेटवली नाही. कमल खोक्यावरून उठली.

"रंगराव, ही बस घेऊन आम्ही गावोगाव जाणार. आम्हाला ड्रायव्हर लागणार. पुन्हा तशीच वेळ आली तर काय कराल?"

त्यांनी विचार करायला वेळ घेतला नाही. "हेबी मारीन. आदीच सांगून ठिवतो. पटत आसंल तर बगा."

कमलने माझ्याकडे पाहिलं. मला सारजाचा ज्ञानूच्या मनगटावरचा हात दिसत होता. मी मान हलवली, आणि ह्या वेळी बरोबर दिशेने.

"उस्ताद," ती वळून म्हणाली, "ह्या दोघांतलं पाण्याशिवाय जास्त कोण चालेल?"

"पान्याबिगर दोन्ही मरणार, बाई."

"ते कळलं. उशिरा कुठलं मरेल?"

उस्तादांनी दोन्ही इंजिनांकडे पाहिलं. हिरव्याकडे जरा खेदानेच. मग डिझेलवरच्या मुंग्या फडक्याने झटकल्या. "हे जड लोखंड हाय. मैल, दोन मैल जास्त ओढंल."

"मग हेच बसवा."

मी हिरव्या इंजिनाकडे शेवटचं बघून घेतलं.

महिन्याभराने आम्ही बस न्यायला गेलो. उस्तादांनी इंजिन बसवलं होतं, आणि सुताराने आत खुर्चीची चौकट आणि कपाट केलं होतं. रंगराव आबांना भेटून, खरं काय ते सांगून, नोकरी सोडून आले होते. आबा काय म्हणाले, असं मी विचारलं. "आदी फेटा सारका केला," रंगराव म्हणाले. "मग म्हनले, मोटारीपायी भांडायचं ते आता दाताच्या डाक्तरासंगं भांड."

इंजिन सुरू झालं. समोरची कौलं वाजली, दोन कुत्री पळाली, आणि कपाटातली हत्यारं एकमेकांवर आपटून जलतरंगासारखी वाजू लागली. कमल मागे ती बांधत बसली. रंगरावांनी मला पुढे बोलावून शेजारी बसवलं आणि आवाजावर आवाज काढून म्हणाले, "डाक्तर, हा काटा बगा. मी रस्ता बगतो, तुमी ह्येच्याकडं बगा. हलला की सांगा."

मी कालवा बघितला नाही, उसाचे फड बघितले नाहीत. बारामती कधी मागे पडली ते मला कळलं नाही. मी काटा बघत होतो.